बागकाम आणि लॉन मेंटेनन्समध्ये अप्रेंटिसशिप: कुठं घ्यावी, काय विचारावं, काय शिकावं

प्रश्न थोडक्यात असा: बारावी झाली, वय 19, घरी थोडी शेती, ऑफिसात बसायची इच्छा नाही. आयटी पार्क, सोसायट्या, हॉटेलं, मैदानं यांच्या बागांची देखभाल करण्याच्या कामात अप्रेंटिस म्हणून शिरता येईल का? आणि त्यातून पुढं काही होतं का?

शिरता येतं, आणि पुढंही होतं. मात्र अप्रेंटिसशिप कोणत्या जागी घेतली यावर बरंचसं ठरतं. एकाच प्रकारच्या करारावर सही केलेली दोन मुलं वर्षभरानं भेटली, तर एकाला पंपरूममधले व्हॉल्व्ह, मॉवरची (गवत कापायच्या यंत्राची) पाती आणि मातीचा रिपोर्ट कळलेला असतो. दुसऱ्यानं बारा महिने पाचोळा गोळा केलेला असतो आणि पाईप धरून पाणी मारलेलं असतं. म्हणून कागदपत्रांचं आधी उरकू आणि मग जागा निवडण्याकडं वळू.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 चा. ज्या आस्थापनेत कंत्राटी धरून 30 किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तिला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात; 4 ते 29 माणसं असतील तर ऐच्छिक. याचा अर्थ, दहा माळी बाळगणारा गावातला लँडस्केप कंत्राटदार बांधील नाही, पण मोठी फॅसिलिटी कंपनी (इमारतींच्या देखभालीचं कंत्राट घेणारी), हॉटेल किंवा कारखाना आहे. त्यामुळे आधी मोठ्या ठिकाणी विचारा. 2019 च्या नियमांनुसार किमान विद्यावेतन दहावीला महिना 6000 आणि बारावी किंवा आयटीआयला 7000 रुपये ठरलं. ही खालची मर्यादा आहे, मालक जास्त देऊ शकतो. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत यातला 25 टक्के, पण जास्तीत जास्त 1500 रुपये, हिस्सा सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात भरतं. म्हणून खातं आधारशी जोडलेलं हवं आणि नावाचं स्पेलिंग दोन्हीकडं सारखं हवं. पैसे अडकण्याचं कारण बहुतेक वेळा इतकंच असतं.

करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदला गेला पाहिजे आणि त्याचा नंबर तुमच्या हातात आला पाहिजे. नंबर नाही तर ती अप्रेंटिसशिप नाही, मग ओळखपत्रावर ‘ट्रेनी’ लिहिलेलं असो नाहीतर ‘इंटर्न’. आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्या: अप्रेंटिस हा कर्मचारी नसतो. मुदत संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नसतं, करारात तसं लिहिलेलं असेल तरच असतं. राज्याची 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी. बारावीला 6000, आयटीआय-पदविकेला 8000 असे तिचे आकडे व्हॉट्सॲपवर अप्रेंटिसशिपच्या नावानं फिरतात, त्यात गल्लत करू नका.

आधी कोर्स करावा का? आयटीआयमध्ये ‘हॉर्टिकल्चर’ आणि ‘फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंग’ हे एकेक वर्षाचे ट्रेड आहेत. कृषी विद्यापीठांचे मराठी माध्यमातले माळी प्रशिक्षण वर्गही आहेत. डोळे भरणं (एका झाडाचा डोळा दुसऱ्यावर बसवणं), कलम बांधणं, रोपवाटिका हे तिथं हात धरून शिकवतात, जे देखभालीच्या साइटवर सहसा शिकायला मिळत नाही. जवळपास असेल आणि घरचं भागत असेल तर जरूर करा. नसेल तर अडून बसायची गरज नाही, बारावीवर थेट जा.

आता जागा. हॉटेलची बाग दिसायला सगळ्यात देखणी, पण शिकायला मध्यम. तिथं झाड आजारी पडलं की रात्रीत कुंडी बदलतात. झाड बरं कसं करायचं हे कुणी बघतच नाही. हंगामी फुलांची लागवड मात्र तिथं उत्तम शिकता येते. नर्सरीत (पुण्याहून सोलापूर रस्त्यानं उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्यांची रांगच आहे) रोपं तयार करणं, पॉटिंग मिश्रण, झाडांची ओळख हे सगळं पक्कं होतं, लॉन आणि यंत्रं मात्र जवळजवळ नाहीत. गवतातच करिअर करायचं तर गोल्फ कोर्ससारखी शाळा नाही. ग्रीनवर (चेंडू ढकलायच्या खड्ड्याभोवतीच्या हिरवळीवर) गवत 3 ते 5 मिलिमीटरवर कापतात, त्या उंचीवर पात्याची धार, पाणी, खत यातली प्रत्येक चूक दुसऱ्या दिवशी डोळ्यांना दिसते. क्रिकेट मैदान हा त्याचाच चुलतभाऊ, फक्त तिथं मातीही शिकावी लागते. खेळपट्टीला चिकणमाती, ओल आणि रोलर यांचा मेळ लागतो. ओल जास्त असताना रोलर फिरवला तर वरचा थर सुटून येतो, कमी असताना फिरवला तर माती दबतच नाही. पुढं क्युरेटर (खेळपट्टी तयार करणारा प्रमुख) व्हायचं तर बीसीसीआयची प्रमाणपत्र परीक्षा आहे, पण तिथवर जाण्याआधी बरीच वर्षं मैदानावर काढावी लागतात.

सगळ्यात चांगली सुरुवात म्हणजे स्वतःचे माळी असलेला मोठा कॅम्पस: विद्यापीठ, कारखाना, संशोधन संस्था, टाउनशिप. लॉन, मोठी झाडं, कुंपण, ठिबक, छोटी नर्सरी सगळं एकाच कुंपणात मिळतं. फॅसिलिटी कंपनीत जाणार असाल तर एकाच साइटवर किमान सहा महिने ठेवतील का हे विचारून घ्या. दर पंधरा दिवसांनी साइट बदलली तर आपण दिलेलं खत लागू पडलं की नाही हे कधीच कळत नाही.

सही करण्याआधी जागेवर चक्कर मारा आणि हे विचारा. हॉर्टिकल्चरिस्ट (बागेचा तज्ज्ञ) आठवड्यातून किती दिवस येतो? मॉवर, ब्रश कटर (खांद्याला अडकवून गवत-झुडपं कापायचं यंत्र), हेज ट्रिमर (कुंपणाची झुडपं कापायचं) स्वतःचे आहेत की भाड्यानं येतात? अप्रेंटिसला चालवायला देतात का? पंपरूमची चावी माळ्यांकडं असते की प्लंबरकडं? (चावी प्लंबरकडं असलेल्या साइटवर पाणी देणं शिकता येत नाही, कितीही प्रयत्न करा.) पाणी बोअरचं की एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करून आलेलं)? एकरी माळी किती? लॉन-झाडांच्या मिश्र बागेला एकरी एक माळी असा साधारण हिशोब धरतात. तीन एकराला एकच माळी असेल तर अप्रेंटिसचं काम खुरपं आणि पाईप एवढंच राहणार, हे तिथंच ओळखा.

कधी सुरू करावं यालाही महत्त्व आहे. शक्य असेल तर बारा महिन्यांचाच करार घ्या. जुलै ते डिसेंबर अशा सहा महिन्यांत बाग स्वतःहून हिरवी असते आणि आपल्याला सगळं येतं असं वाटायला लागतं. फेब्रुवारी ते मे हे चार महिने काढल्याशिवाय महाराष्ट्रातली बाग समजत नाही, कारण बागा मरतात त्याच काळात.

म्हणून शिकायची पहिली गोष्ट पाणी. हिशोब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेमध्ये लॉनला दिवसाला साधारण 5 ते 6 मिलिमीटर लागतं. 1000 चौरस फूट म्हणजे 93 चौरस मीटर, म्हणजे रोज जवळपास 500 लिटर. आता स्प्रिंकलर किती वेळ चालवायचा? सरळ कडांचे सात-आठ सारखे डबे लॉनवर वेगवेगळ्या अंतरावर ठेवा, 15 मिनिटं पाणी सोडा, प्रत्येक डब्यात किती मिलिमीटर साठलं ते पट्टीनं मोजा आणि चारनं गुणा. तो ताशी दर. एका डब्यात 2 आणि दुसऱ्यात 5 मिलिमीटर आलं तर नोझल तुंबलेलं आहे किंवा दाब कमी आहे. तिथं वेळ वाढवून उपयोग नाही, नाहीतर एका कोपऱ्यात चिखल आणि दुसऱ्यात वाळलेला ठिपका ठरलेला. उन्हाळ्यात रोज थोडं शिंपडण्यापेक्षा एक-दोन दिवसाआड खोलवर द्या. सहा इंचांपर्यंत ओल गेली का ते स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. मुरमाड जमिनीवर माती पातळ असेल तर मात्र रोजच द्यावं लागतं, तिथं खोलवर साठायला जागाच नसते.

एसटीपीचं पाणी असेल तर एक टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) जवळ ठेवा. क्षार वाढले की पानांची टोकं आणि कडा करपतात, नवखा माळी त्याला पाण्याची कमतरता समजून तेच पाणी आणखी देतो. अशा ठिकाणी अधूनमधून गोड्या पाण्यानं झाडांभोवतीची आळी भरभरून धुऊन काढतात. ठिबकवर एसटीपीचं पाणी असेल तर फिल्टर आठवड्यातून एकदा तरी उघडून धुवायचा आणि लॅटरलची (ठिबकच्या बारीक नळ्यांची) टोकं सोडून काळं पाणी जाऊ द्यायचं. ड्रिपर ताशी 4 लिटरचा आहे असं छापलेलं असतं. खरं किती पडतं ते ग्लास लावून सहा मिनिटं मोजा, 400 मिलिलिटर भरायला हवं.

दुसरी गोष्ट गवत. आपल्याकडं सिलेक्शन नंबर 1, बर्म्युडा, मेक्सिकन, कोरियन कार्पेट अशा नावांनी गवतं मिळतात. पहिली दोन हरळीच्या जातीची: ऊन भरपूर हवं, वाढ जोरात, कापणी सतत. झाडाखाली ती कितीही वेळा लावली तरी विरळ होणार. एकदा कापताना उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढायचं नाही, हा नियम सगळ्या गवतांना लागू. 3 सेंटिमीटरवर ठेवायचं असेल तर साडेचारला पोचलं की कापा. पावसाळ्यात हे दर पाच-सात दिवसांनी येतं, थंडीत पंधरवड्यावर जातं. दोन आठवडे राहून गेलं आणि एकदम खाली उतरवलं की हिरवं पान निघून जातं आणि पिवळे दांडे उघडे पडतात. मग लोक युरिया टाकतात, त्यानं तेव्हा काही होत नाही. उंची वाढवून दोन-तीन कापण्यांत हळूहळू खाली यायचं असतं. कापल्यानंतर दुसऱ्या दिवशी लॉनवर पांढुरकी झाक दिसली तर एक पात उपटून बघा: टोक सरळ कापलेलं आहे की फाटलेलं? फाटलेलं असेल तर पात्याला धार नाही.

लॉनला युरिया द्यायचा तर चौरस मीटरला 10-11 ग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅम नत्र. 100 चौरस मीटरला साधारण 1.1 किलो. पात कोरडी असताना, दोन भाग करून एकदा उभा आणि एकदा आडवा फेकायचा आणि लगेच पाणी द्यायचं. दवानं ओल्या पातीवर टाकला की दाणा चिकटतो आणि मुठीच्या आकाराचे करपे पडतात. नवीन लॉन करताना घाई महागात पडते ती लव्हाळा या गाठींच्या तणामुळं. माती तयार झाली की दोन आठवडे नुसतं पाणी द्या, उगवलेला लव्हाळा गाठीसकट खणून काढा, पुन्हा पाणी द्या, पुन्हा काढा, मगच गवत लावा. रोटाव्हेटर फिरवून लव्हाळा जात नाही; गाठींची माळ तुटते आणि प्रत्येक गाठ वेगळी उगवते.

यंत्रं हा पगार वाढवणारा भाग आहे, तरी बहुतेक जण तो फिटरवर सोडून मोकळे होतात. टू-स्ट्रोक ब्रश कटरमध्ये पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात: 50 ला 1 म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर, 25 ला 1 म्हणजे 40. यंत्राच्या आणि ऑइलच्या डब्यावर काय लिहिलंय ते बघा. निव्वळ पेट्रोल गेलं तर पिस्टन जाम होतो, ऑइल जास्त झालं तर धूर होतो आणि प्लग काळा पडून यंत्र बंद पडतं. फोर-स्ट्रोक मॉवरला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नाही, ते वेगळं इंजिनात असतं. दोन डबे अदलाबदल होणं ही साइटवरची नेहमीची कहाणी, म्हणून डब्यांना वेगवेगळा रंग मारा. मॉवरखाली हात घालण्याआधी प्लगची वायर काढायची. मॉवर कलंडवताना एअर फिल्टर वरच्या बाजूला ठेवायचा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं आणि मग तासभर दोरी ओढत बसावं लागतं. ब्रश कटर चालवताना गॉगल आणि बूट, आणि 15 मीटरच्या आत दुसरा माणूस नको. पार्किंगजवळ काम असेल तर गाडीच्या काचेचाही विचार करा.

ब्रश कटरची नायलॉन दोरी तरुण झाडांचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. बुंध्याभोवतीचं गवत साफ करताना ती साल सोलते. चारी बाजूंनी साल गेली की मुळांकडं अन्न उतरणं थांबतं, झाड काही महिने हिरवं राहतं आणि मग उभ्या उभ्या वाळतं. तोवर कारण कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं, दोष वाळवीला जातो. उपाय म्हणजे बुंध्याभोवती दोन फूट आळं मोकळं ठेवून त्यात पाचोळ्याचा थर घालणं. फक्त पाचोळा बुंध्याला टेकवू नका.

झाडांची छाटणी शिकण्याआधी परवानगीचं लक्षात घ्या. शहरी भागात 1975 चा वृक्ष जतन कायदा लागू आहे, सोसायटीच्या आतल्या झाडालाही. पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी न घेता सेक्रेटरीनं ‘ही फांदी उडव’ म्हटलं तरी करवत लावायची नाही. गुन्हा कापणाऱ्यावरही येतो. परवानगी असेल तर जाड फांदी तीन कापात घ्यायची. बुंध्यापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश, त्याच्या थोडं बाहेरून वरून पूर्ण, आणि वजन गेल्यावर उरलेला खुंट फांदीच्या तळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून. एकाच कापात वरून घेतली तर फांदी पडताना बुंध्याची साल खालपर्यंत ओरबाडून नेते. कडंच कापून टाकलं तर जखम भरत नाही. फळझाडांच्या जखमेला बोर्डो पेस्ट लावतात: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवायचं, लोखंडी घमेल्यात नाही. तयार झाल्यावर त्यात स्वच्छ लोखंडी सुरी क्षणभर बुडवून बघा; पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे.

मातीचं एकच उदाहरण देतो, कारण ते काळ्या, चुनखडीच्या जमिनीत हमखास भेटतं. एक्झोरा या फुलझुडपाची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. माळी शेणखत टाकतो, युरिया टाकतो, फरक पडत नाही. ती लोहाची कमतरता असते, आणि जमिनीत लोह नसतं असं नाही; सामू (पीएच) 8 च्या वर गेला की मुळांना ते घेता येत नाही. जुनी पानं पिवळी पडत असतील तर ती नत्राची तक्रार, नवी पडत असतील तर लोहाची, हा फरक पहिल्या महिन्यातच डोळ्यात बसवा. लिटरला 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) संध्याकाळी पानांवर फवारलं की आठ-दहा दिवसांत पालवी हिरवी व्हायला लागते, पण ते तात्पुरतं. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या, स्वस्तातलं ईडीटीए एवढ्या सामूला टिकत नाही.

फवारणीबद्दल ठाम राहा. औषधाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा: लाल, पिवळा, निळा, हिरवा असा विषारीपणा उतरत जातो. लाल आणि पिवळ्याचं राहत्या सोसायटीत कामच नाही. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या नसतील तर पंप पाठीवर घ्यायला नकार द्या. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतमजूर दगावले, ते विसरण्यासारखं नाही. तणनाशकाचा हट्ट झाला तर सांगा की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनंच वापरावं असा आदेश केंद्रानं 2022 मध्ये काढला आहे.

पुढचा रस्ता सहसा असा जातो: माळी, हेड माळी, साइट सुपरवायझर, मग स्वतःचं कंत्राट किंवा दूरशिक्षणानं पदविका घेऊन हॉर्टिकल्चर एक्झिक्युटिव्ह. माळी ते सुपरवायझर ही उडी ज्याला लिहिता येतं त्याला लवकर मिळते. रोजची वही ठेवा: तारीख, कोणता प्लॉट, काय केलं, किती लिटर, किती ग्रॅम, किती माणसं, किती तास. महिन्यातून एकदा त्याच जागेवरून तोच फोटो काढा. वर्षाच्या शेवटी मूल्यांकन देऊन सरकारी प्रमाणपत्र घ्याच, ते न घेता मध्येच चांगला पगार मिळाला म्हणून सोडून जाणारे बरेच असतात. पण मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा वही जास्त वेळ उघडी राहते. ‘अर्ध्या एकराचं लॉन कापायला किती वेळ आणि किती पेट्रोल?’ असं कुणी विचारलं तर अंदाज न सांगता पान उलटून आकडा दाखवता येतो, आणि स्वतःचं पहिलं कोटेशन लिहितानाही तोच आकडा लागतो.